बदलीचा हात

माझी बायको शकू गेली त्याला दोन आवण्या झाल्या. ही तिसरी.

ती पडली ती आमच्याच खालच्या खाचरात, भाताची आवणी चालू असताना. हातात रोपांची मूठ होती. उठवली तेव्हा तोंड एका बाजूला गेलं होतं. तीन दिवस दवाखान्यात तिच्या दंडाला एक पट्टा बांधलेला होता. तो तासातासाला फुगायचा आणि मी त्याच्याकडं बघत बसायचो. चौथ्या दिवशी तो काढला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुना होता, कधी मोजला नाही का? मी काय सांगणार. महिनाभर ती डोक्याला फडकं बांधून काम करत होती आणि मी म्हणत होतो, ऊन लागलं असंल. भर पावसाळ्यात.

आमची वाडी औंढ्याची, पण गावठाणापासून ओढ्याच्या पलीकडं. बावीस घरं, सगळी बौद्धांची. मधोमध विहार. माझा मुलगा राजेंद्र कुसगावला एका हॉटेलात कामाला आहे, सून ज्योत्स्ना घर बघते. माझ्याकडं वाडीतलं एक काम गेली वीस वर्षं आहे, ते म्हणजे सावडीचं, पैशाशिवाय कामाच्या बदली काम. आवणीत कोणाच्या खाचरात कोणत्या दिवशी कोणी जायचं, आज एखाद्या घरचं माणूस आजारी तर त्याच्या बदली कोण, हे मी ठरवतो. आवाज दिला की ज्या घराचं नाव त्या घरातून एक माणूस आलं पाहिजे. कोण आलं हे कोणी बघत नाही. हातांची संख्या भरली की झालं.

ह्या वर्षी जेठ महिन्यात प्रतीक्षा नावाची मुलगी ओढा ओलांडून आली. चपला हातात, पाठीवर बॅग. मी तरव्याला, भाताच्या रोपांना, पाणी देत होतो. ती पुण्याच्या एका संस्थेची. रक्तदाबाचा अभ्यास करतात. गावोगावी एक वेगळं, कमी खारं मीठ देऊन बघायचं की ते वर्षभर खाल्ल्यानं रक्तदाब उतरतो का. गावठाणात सभा घेतली तेव्हा माणसं आली, पण वाडीतून एकही जण आला नाही. का, म्हणून विचारायला ती स्वतः आली होती.

मी विचारलं, सभा कुठं होती? देवळाच्या मंडपात, म्हणाली. किती वाजता? अकरा.

"देवळात बोलावलं, त्यात कामाच्या टायमाला," मी म्हणालो. "पुनवेला विहारात या. सांजचं. वंदना झाली की सगळी हितंच बसत्यात."

ती पुनवेला आली. भिंतीला एक मोठं चित्र लावलं. त्यात एक कुटुंब टेबलाभोवती बसलेलं, टेबलावर लोणचं, पापड, वेफर, आणि मिठाच्या बाटलीवर लाल फुली. रक्तदाब म्हणजे काय, मीठ कमी कसं करायचं, ती चांगलं बोलली. पुस्तकातल्यासारखं. बायका ऐकत होत्या आणि चित्र बघत होत्या. शेवटी आमची शेजारीण हिरा म्हणाली, "ताई, आमी टेबलावर जेवत न्हाई. आमाला कसा हुईल ह्यो रोग?"

सगळा विहार हसला. प्रतीक्षाही हसली, पण कानापर्यंत लाल झाली.

मग तिनं कागद काढले. अभ्यासात यायचं तर सही लागेल. तिथं हसणं थांबलं. नंदाबाई पुढं बसली होती. ती शकूच्या माहेरची, तिकोणा पेठेची, म्हणून मला दाजी म्हणते. दोघी एका अंगणात खेळलेल्या. ती म्हणाली, मीठ फुकट देता तर सही कशाला? आमच्या सासऱ्यानं एकदा असाच अंगठा दिला आणि ओढ्याकडची जमिनीची पट्टी गेली.  ती पट्टी सगळ्यांना माहीत होती.

प्रतीक्षानं सही मागितली नाही. तो कागद तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, प्रत्येक घरी एकेक प्रत दिली आणि सांगितलं, आठ दिवस ठेवा, ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडून वाचून घ्या. नको वाटलं तर नको. आल्यावर मधेच सोडावंसं वाटलं तरी सोडा, कोणी जाब विचारणार नाही. मग तिनं ते चित्र भिंतीवरून काढलं, गुंडाळी केली आणि खाली बसून हिराला विचारलं, "ताई, तुम्ही आवणीत दुपारी काय खाता?"

पुढच्या रविवारी ती तागडी घेऊन आली. हिराला सांगितलं, आवणीतली न्याहारी आणि दुपारचं जेवण घेऊन या. हिरानं भाकरी, सुकटीची चटणी, ठेचा, भाजलेला बोंबील, कांदा असं सगळं आणलं. प्रतीक्षानं एका ताटात मीठ ओतलं आणि एकेक पदार्थ तोलून त्याच्यात असतं तेवढं मीठ ताटातून वेगळं काढून दाखवू लागली. ठेच्याचं एवढं. चटणीचं एवढं. बोंबलाचा ढीग आला तेव्हा पोरीसोरी उठून बघू लागल्या. मग दिवसभरात किती चालतं ते तिनं शेजारी ठेवलं. एक चमचा. आमच्या ढिगापुढं तो चमचा ओळखू येईना.

"सुकट सोडा म्हणत नाही मी," ती म्हणाली. "कोमट पाण्यात दोनदा धुवा. आणि वरून मीठ घालू नका."

हिरा म्हणाली, हे आधी सांगायचं की. मग तिनं विचारलं, पण आमीच का? गावात माणसं काय कमी हायत?

प्रतीक्षा म्हणाली की असले अभ्यास आजवर झाले ते जास्त करून शहरात, नाहीतर गावठाणात. वाडीवरची माणसं त्यात नसतातच. मग जे औषध ठरतं, जो सल्ला निघतो, तो दुसऱ्यांच्या अंगावरून ठरतो.

"म्हंजी दुसरीच्या मापाची चोळी," हिरा म्हणाली. "आन् आमी म्हणायचं, काखंत काचतीय."

"हो," प्रतीक्षा म्हणाली. "तसंच."

मी उठलो. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी एवढंच सांगितलं की शकू महिनाभर डोक्याला फडकं बांधून फिरत होती आणि कोणी तिचा दंड धरला नाही. वाडीत मशीन येत असंल तर येऊ द्या. आणि पहिली सही मी केली. त्या आठवड्यात एक्केचाळीस सह्या झाल्या. प्रत्येकाचं मूत्रपिंड, साखर असलं काय काय विचारून, तपासून घेतलं. निळ्या पिशवीतलं मीठ घरोघर गेलं. दर बुधवारी विहारात यायचं, वजन आणि रक्तदाब मोजायचा, असं ठरलं.

आणि आषाढात पाऊस लागला.

आवणी सुरू झाली की आमच्याकडं माणूस माणसात राहत नाही. दिवसभर कंबर वाकलेली. प्लास्टिकचा कागद पाठीवर आणि पायाला चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत पांढरी भेग पडते, तिला रात्री खोबरेल लावायचं आणि सकाळी परत चिखलात. अशात बुधवार आला. निम्मी माणसं दुसऱ्यांच्या खाचरात. विहारात खाडे पडणार.

मला ते बरं वाटेना. आपण होऊन सही केली आणि पहिल्याच बुधवारी खाडे? मी सावडीचा माणूस. मी जे वीस वर्षं केलं तेच केलं. नंदाबाई आवणीला गेली, तिच्या बदली हिराला पाठवली. हिरा गेली तिच्या बदली ज्योत्स्ना. पुढच्या बुधवारी आणखी कोणी. प्रतीक्षा तेव्हा दुसऱ्या गावांना होती, मापायला नवी पोरं यायची. ती नाव पुकारायची, आमचं माणूस हात वर करायचं. खोटं बोलतोय असं कोणाच्या मनातही नव्हतं. घराचं नाव पुकारलं, घराच्या बदली माणूस हजर आहे.

माझा दंड पहिल्या दिवशी तरव्याच्या निमित्तानं मापायचा राहून गेला होता, आणि आता माझ्या जागी मी राजेंद्रला बसवलं. बुधवारी त्याची सुट्टी असते म्हणून, असं मी सांगितलं.

तिसऱ्या बुधवारी प्रतीक्षा स्वतः आली. मी विहारात एकटाच नावांची यादी घेऊन बसलो होतो. ती आल्याआल्या म्हणाली, "आबा, तुमचं अभिनंदन करायला हवं. एकशे अठरा. तरण्या मुलासारखा आहे तुमचा रक्तदाब."

क्षणभर मला खरंच बरं वाटलं.

मग तिनं कागद उलगडला. तिला एक कोडं पडलं होतं. नंदाबाईचं वजन पहिल्या दिवशी एक्केचाळीस किलो, पुढच्या बुधवारी त्रेसष्ट, त्याच्या पुढच्या बुधवारी बावन्न. मशीन बिघडलं का? मी हसलो. म्हटलं, मशीन ठीक आहे. बावीस किलो वाढली ती हिरा, आणि बावन्न किलो म्हणजे आमची ज्योत्स्ना. आणि मोठ्या अभिमानानं मी तिला सगळी सावड समजावून सांगितली. तीन बुधवार, एक्केचाळीस माणसं.

"एक बी खाडा न्हाई," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं.  मग हळू आवाजात म्हणाली, नंदामावशींचा पहिल्या दिवशी एकशे सत्तर होता. दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. दर आठवड्याला बघा, उतरला नाही तर मला लगेच कळवा, असं मी त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात एकशे बावीस दिसला आणि मी निर्धास्त झाले.

"म्हणजे आबा, त्यांचा खरा आकडा तीन आठवडे कोणालाच माहीत नाही."

मला सकाळचं आठवलं. नंदाबाई माझ्या दारावरून गेली होती, दत्तोबाच्या शेतावर रोजानं. डोक्यावर प्लास्टिकचा कागद. कागदाखाली कपाळावर करकचून बांधलेलं फडकं.

मी उठलो. म्हणालो, मशीन घ्या आणि चला.

दत्तोबा गावठाणातला मोठा जमीनवाला. रस्त्याच्या कडेला त्याचं सहा खाचरांचं शेत. बाया ओळीनं वाकलेल्या होत्या आणि दत्तोबा बांधावर छत्री घेऊन उभा होता. मी त्याला सांगितलं, नंदाबाईला जरा वर येऊ द्या, तिचा रक्तदाब बघायचाय. तो म्हणाला, बघा की, पण सांजचं. आज पाणी आहे. मधूनच बाई उठवली तर ओळ मोडती.

नंदाबाईनंही खालूनच हात हलवला. "आवणी झाल्यावर बघू की, दाजी. ती चिठ्ठी डब्यात ठिवलीय म्या."

"शकू बी हेच म्हणाली होती," मी म्हणालो.

ती सरळ झाली. हातातली मूठ तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली.

मी पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि खाचरात उतरलो. तिच्या हातातली मूठ घेतली. दत्तोबाला म्हणालो, हिची जागा मी धरतो, ओळ मोडणार नाही.

"तुझा रोज धरू का मग?" त्यानं विचारलं.

"रोज नको," मी म्हणालो. "सावड धरा."

 बायांचे हात थांबले. त्याच्या घराची आणि वाडीची सावड आजवर कधी झाली नव्हती. आम्ही त्याच्याकडं जायचो ते रोजानं. संध्याकाळी पैसे घ्यायचे आणि निघायचं. सावड घ्यायची तर फेडायला लागते, आणि ती माणसानं फेडायची असते. चहासुद्धा पूर्वी वेगळ्या कपांतून यायचा. कागदी कप आले तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला.

नंदाबाई बांधावर बसली. प्रतीक्षानं तिला सांगितलं, पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही. पाऊस भुरभुरत होता. दंड भिजतोय म्हणून प्रतीक्षानं वर बघितलं, आणि दत्तोबाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं छत्री नंदाबाईच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत उभा राहिला.

वरचा एकशे ब्याण्णव. खालचा एकशे बारा. पाच मिनिटांनी परत घेतला. तेवढाच.

तेवढ्यात दत्तोबाची बायको बयाबाई चहाची किटली घेऊन आली. तिनं काय चाललंय ते विचारलं, किटली खाली ठेवली आणि नंदाबाईच्या शेजारी बसून बाही वर केली. "माझा बी धर. डोकं माझं बी दुखतंय चार दिस, पण ह्या घरात सांगायचं कुणाला?"

तिचा एकशे अडुसष्ट निघाला. दत्तोबाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं लगेच फोन करून पोराला, निलेशला, गाडी घेऊन बोलावलं. नंदाबाई, बयाबाई, प्रतीक्षा आणि सोबतीला ओळीतली एक बाई अशा चौघी त्या गाडीतून सरकारी दवाखान्यात गेल्या. नंदाबाईचे पाय चिखलानं भरलेले. ती गाडीत बसायला कचरत होती. बयाबाईच म्हणाली, बस गं, गाडी धुता येती.

गाडी गेली. आता मी होतो तरी ओळीला एक हात कमी होता, कारण एक बाई गाडीबरोबर सोबतीला गेली होती. दत्तोबानं आभाळाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, छत्री मिटून बांधात खोवली आणि चिखलात उतरला. वीस वर्षांनी उतरला असंल. दोन मुठी लावून होईस्तोवर त्याची ओळ नदीसारखी वळत गेली. पहिल्यांदा हिरा हसली, मग सगळ्या हसल्या, मग मीही.

"हसा," दत्तोबा म्हणाला. "म्हातारपणी आवणी शिकतोय, हसा."

नंदाबाई संध्याकाळी गोळ्या घेऊन आली. डॉक्टर तिला म्हणाले होते, आणखी आठ दिवस गेले असते तर काही सांगता आलं नसतं. ती विहाराच्या पायरीवर बसली आणि कपाळाचं फडकं सोडून तिनं त्यानं पाय पुसले.

पण तेवढ्यानं मिटलं नाही. चार दिवसांनी प्रतीक्षाचा फोन आला. तिच्या साहेबांनी सांगितलं होतं की ह्या वाडीचे आकडे काढून टाका. वाडीच अभ्यासातून काढा. तिनं हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की वाडी सगळं पहिल्यापासून करायला तयार असंल तर एक संधी मिळेल. नव्यानं समजावून, नव्यानं सही.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वाडी बाहेर निघाली तर ती माझ्यामुळं निघणार होती. परत चोळी दुसरीच्या मापाची. आणि पुढच्या आवणीत कोणीतरी डोक्याला फडकं बांधणार.

पावसाळ्यातला वर्षावास सुरू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं आणि पाळीपाळीनं एकेका घरची खीर. दुसऱ्या दिवशी पाळी आमची होती. वाचन झालं, ज्योत्स्ना खीर वाढायला उठली, तिला मी थांबवलं. प्रतीक्षाही आली होती. ती आधी बोलली. चूक माझी पण आहे, म्हणाली. मीठ समजावलं, कागद समजावला, पण दर आठवड्याला त्याच माणसाचा दंड का लागतो हे सांगितलं नाही. मला ते सांगायची गोष्ट वाटलीच नाही.

मग मी उभा राहिलो.

"सावडीत हाताच्या बदली हात चालतो," मी म्हणालो. "रोप कुणी लावलं ते भात इचारत न्हाई. पण रगत ज्याचं त्याचं. नंदाबाईच्या बदली हिराचा दंड दिला, तर कागदावर समदं बरं दिसंल आन् नंदाबाई जाईल. ही चूक माझी. आन् दुसरी पण सांगतो. तो एकशे अठरा माझा न्हवता. राजेंद्राचा व्हता."

"तरीच," हिरा म्हणाली. "मी म्हणलं ह्या म्हाताऱ्याला येवढा तरणेपणा कुठनं आला."

विहार इतका हसला की खिरीच्या पातेल्यावरचं झाकण खाली पडलं. हसता हसताच नंदाबाईनं मला विचारलं, पण दाजी, तुमी स्वतः का न्हाई बसला? मी खाली पडलेलं झाकण उचलायला वाकलो. तिनं परत विचारलं नाही. तो पट्टा तिनंही बघितला होता, शकूच्या दंडावर.

त्या संध्याकाळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस सह्या परत झाल्या. आणि नवी सावड ठरली. बुधवारी ज्याचा दंड मापायचा तो खुर्चीवर येईल आणि त्याच्या बदली माणूस खाचरात जाईल. बदली चिखलात. खुर्चीवर बदली नाही.

पुढचा बुधवार माझ्या आवणीचा होता. खालचंच खाचर, मागं राहिलेलं. सकाळी आठला बांधावर दत्तोबा आला. पँट आधीच वर दुमडलेली, छत्री नाही. बरोबर बयाबाई, ती म्हणाली, माझी गोळी चालू हाय, मी नुस्ती बघायला आलीय. दत्तोबा खाचरात उतरला आणि मला म्हणाला, "कुटनं धरू, भिकाजीभाऊ? एक दिस फेडायचाय मला."

भाऊ तो मला पहिल्यांदाच म्हणाला. मी त्याला हिराच्या शेजारची ओळ दाखवली.

दहाच्या सुमारास प्रतीक्षानं बांधावरून हाक मारली. पाऊस उघडला होता म्हणून तिनं खुर्ची विहारातून उचलून खाचराच्या कडेला आंब्याखाली आणली होती. तिनं माझंच नाव पुकारलं. मी हातातली मूठ नंदाबाईला द्यायला गेलो, तर तिच्याआधी राजेंद्रनं घेतली. म्हणाला, "ह्या बुधवारी मी हितंच बरा."

मी पाटाच्या पाण्यात हात धुतले. खुर्चीवर बसलो. प्रतीक्षानं पट्टा दंडाला गुंडाळला. तो गार होता आणि हलका होता. मला वाटलं होतं जड असंल.

"पाच मिनिटं शांत बसा, आबा," ती म्हणाली. "बोलायचं नाही."

मी बसलो. आवणीच्या दिवसात बांधावर पाच मिनिटं बसून मी माझं शेत कधी बघितलं नव्हतं. शकूनंही बघितलं नसंल. ती पडली ती जागा समोरच होती, तिसऱ्या ओळीपाशी. तिथं आता नंदाबाई वाकली होती. गोळ्यांनी आकडा उतरला होता, डोकं उघडं, केस मोकळे. शेजारी राजेंद्र, मग हिरा, मग दत्तोबा. त्याची ओळ नीट आली होती, निम्म्यापर्यंत. मग ती हळूहळू हिराच्या ओळीत शिरायला लागली. हिरानं दोनदा सरकून जागा दिली. तिसऱ्यांदा ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवले.

"पाटील," ती म्हणाली, "माझ्या ओळीत लग्नाला आलाय का काय?"

बयाबाई बांधावर बसल्याजागी लोळायची राहिली. दत्तोबा मागं सरकायला गेला आणि चिखलात बसला. मी ओठ दाबून धरले, पण पोट हलायला लागलं, आणि मग मला आवरेना. शकू गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो.

प्रतीक्षानं पट्टा सैल केला आणि घड्याळ पुन्हा लावलं.

"हसलात, आबा. आता परत पाच मिनिटं."

मी परत बसलो.